पेनिसिलिन आणि माझं कन्नड

आम्ही वळूच्या वीर्यात विष घालतो, असं मी एकदा भर सभेत लाउडस्पीकरवरून सांगितलं. हसतमुखानं सांगितलं आणि तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचं कारण, मागच्या रांगेला नीट ऐकू गेलं नसेल अशी मला शंका आली.

आम्ही विष घालत नव्हतो. घालत होतो पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन. पण ते लोकांना समजावून सांगायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं, आणि मी ते मन लावून केलं.

साठीच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईला जनावरांचा डॉक्टर झालो आणि नोकरीला लागलो बंगलोरच्या एका पैदास केंद्रात. आमच्याकडे चांगल्या जातीचे वळू होते. त्यांचं वीर्य गोळा करायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं, पातळ करायचं आणि बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून सकाळच्या बसनं खेड्यांतल्या उपकेंद्रांना पाठवायचं. तिथला स्टॉकमन, म्हणजे गुरांच्या दवाखान्याचा आमचा गावातला माणूस, ते काचेच्या नळीनं माजावर आलेल्या गाईला भरायचा. वळू एरवी एका दिवसात एकदोन गाईंना पुरा पडतो. आमच्या पद्धतीनं तो कितीतरी गावांना पुरायचा आणि त्याला जागचं हलावंही लागत नसे. बसचा धक्का खात जायचा तो थर्मास.

पातळ करायला आम्ही जे पाणी वापरायचो त्याला डायल्यूटर म्हणत. त्यात एक क्षार आणि अंड्याचा बलक. बलकामुळे वीर्य थंडीत टिकतं, दोन-तीन दिवस तरी जिवंत राहतं. त्यामुळे रोज सकाळी माझं पहिलं काम अंडी फोडण्याचं. आमचे स्टोअरकीपर कट्टर शाकाहारी होते. ते अंड्यांना हात लावत नसत, नावही घेत नसत. त्यांच्या रजिस्टरात अंड्यांची नोंद "गोल सामग्री" अशी असे. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं, "जावईबापू, ऑफिसात दिवसभर काय करता?" मी खरं ते सांगितलं. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

आता अडचण अशी की अंड्याचा बलक वीर्याला मानवतो तसा जंतूंनाही मानवतो. वळू काही आंघोळ करून, सोवळं नेसून कामाला येत नाही. वीर्याबरोबर जंतू येतात, बलकावर पोसतात, दुसऱ्या दिवशी माल नासतो. नासला नाही तर गाईला बाधतो. गाय उलटते. उलटते म्हणजे गाभण न राहता तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. शेतकऱ्याचे तीन आठवडे गेले, आणि दूध तेवढंच लांबलं.

परदेशात यावर उपाय निघाला होता. डायल्यूटरमध्ये पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन मोजून टाकायचं. जंतू मरतात, वीर्याला काही होत नाही. साहेबांनी त्याबद्दल वाचलं आणि आमच्याकडे ते सुरू केलं. औषधाच्या बाटल्या कुलपात ठेवाव्या लागत. कारण वळूंसाठी पेनिसिलिन आलंय ही बातमी कचेरीत पसरली आणि निम्म्या कचेरीला खोकला झाला.

पहिला प्रयोग ठरला होन्नेनहळ्ळीला. देवनहळ्ळीच्या अलीकडचं गाव. तिथला स्टॉकमन नंजप्पा आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस. चाळिशीचा, कमी बोलणारा. थर्मास आणायला तो सायकलनं बसच्या आधी पोचायचा आणि परत जाताना थर्मास कॅरियरला न लावता गळ्यात बांधून न्यायचा, हादरे बसू नयेत म्हणून. त्याचं घर त्याच गावात होतं. वडिलांना लकवा झालेला, त्यांना उठवणं-बसवणं नंजप्पाच करायचा.

साहेब म्हणाले, "मिस्टर जोगळेकर, पब्लिकला विश्वासात घ्या. गावात मीटिंग घ्या. सांगा त्यांना, आपण काय करतो आणि का करतो."

"इंग्लिशमध्ये, सर?"

"तिथं इंग्लिश कोणाला कळणार? कन्नडात बोला."

साहेब स्वतः पक्के कन्नड, तेव्हा खरं तर त्यांनीच बोलायचं. पण त्या दिवशी त्यांना परदेशी पाहुण्यांना वळू दाखवायचे होते. आणि माझं कन्नड चांगलं आहे अशी एका माणसाची ठाम समजूत होती. तो माणूस मी.

माझी बायको कुसुम बंगलोरचीच. तिच्या माहेरची माणसं मराठी, पण इथं तीनशे वर्षं राहिलेली. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड. मी भाषण लिहीत बसलो तेव्हा ती म्हणाली, "वाचून दाखवा की. स्वल्प ऐकते."

"काही गरज नाही," मी म्हणालो. "मी अस्सल कन्नड शब्द काढलेत. तुमच्यासारखी खिचडी नाही."

"सरी," म्हणजे बरं, एवढं म्हणून ती भाजी निवडायला गेली.

मराठीत आपण म्हणतो, यात औषध घालतो. औषध हा शब्द मला फार संस्कृत वाटला. खेडुतांना खेडुतांचा शब्द हवा. बसमध्ये, बाजारात मी ऐकला होता तो शब्द: मद्दु. मद्दु म्हणजे औषध. घालणे म्हणजे हाकु. झालं वाक्य तयार. "नावु इदरल्लि मद्दु हाकतीवि."

सभेला देवळापुढच्या पटांगणात बरीच गर्दी जमली होती. लाउडस्पीकर तालुक्याहून आणलेला. मी सुरुवातच त्या वाक्यानं केली. गर्दी शांत झाली. माझा हुरूप वाढला.

"याला रंग नाही," मी सांगितलं. "वास नाही. घातलंय हे कुणाला कळतसुद्धा नाही."

पुढच्या बायकांनी पदर तोंडाशी नेला.

"पोटात गेलं की ते गुपचूप आपलं काम करत राहतं. आम्ही मद्दु हाकतो. सगळ्या गावाच्या गाईंना हाकणार. एकही सोडणार नाही!"

एक म्हातारा उठला, खांद्यावरचा पंचा झटकला आणि चालू लागला. त्याच्यामागे आणखी काहीजण. नंजप्पा माझा कोट मागून ओढत होता. "सर, साकु. साकु, सर." साकु म्हणजे पुरे. मला वाटलं, मुद्दा पटला, आता पुरे, असं म्हणतोय. मी मुद्दा तिसऱ्यांदा सांगून खाली बसलो. टाळ्या पडल्या नाहीत. लोक विज्ञानानं भारावलेत, असं मी परतीच्या बसमध्ये डायरीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी होन्नेनहळ्ळीचा थर्मास भरलेला परत आला. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर एकही गाय उपकेंद्राकडे फिरकली नाही.

"काय झालं, नंजप्पा?" मी विचारलं.

"लोक स्वल्प बिझी आहेत, सर."

"गाईसुद्धा?"

नंजप्पा थर्मासची दोरी गळ्यातून सोडवू लागला. वरिष्ठाची चूक तोंडावर सांगायची त्याची रीत नव्हती.

घरी मी कुसुमला सगळं सांगितलं. लोक किती मागासलेले आहेत, हा माझा सूर. ती ताक घुसळत होती. वाक्य ऐकलं आणि तिची रवी थांबली.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

मी म्हटलं.

"अय्यो!" ती म्हणाली आणि तिथंच पाटावर बसली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम हसायची थांबली. "अहो, मद्दु देतात. हाकत नाहीत. दिलं तर औषध. हाकलं तर विष."

"म्हणजे?"

"वैर असेल तर जेवणात कालवून घालतात ना, माणूस खंगत खंगत जातो म्हणतात, ते. मद्दु हाकिद्दारे, घातलंय, म्हटलं की इथं लोक उलटी काढवायला धावतात. त्याला रंग नसतो, वास नसतो. घातलेलं कुणाला कळत नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही अजून काय काय सांगितलंत?"

मी अजून काय काय सांगितलं होतं ते सांगितलं. एकही सोडणार नाही, इथपर्यंत.

"मग मी म्हणायला काय हवं होतं?"

"औषधि. कन्नडातही औषधच म्हणतात की! तुम्ही सरळ मराठी बोलला असतात तरी गावाला कळलं असतं."

मी अस्सल कन्नड शब्द शोधायला दोन दिवस घालवले होते.

आता साहेबांना सांगणं आलं. ते त्यांना आधीच कळलं होतं. त्यांच्या टेबलावर तालुक्याचं पत्र होतं: सरकारनं कुटुंबनियोजन गोठ्यापर्यंत आणलं आहे काय, असा सवाल.

"मिस्टर जोगळेकर," साहेब म्हणाले, "नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्या उपकेंद्रात तिमाहीत एकही गाय गाभण राहत नाही, ते बंद. स्टॉकमनची बदली."

"कुठं, सर?"

"जागा रायचूरकडे आहे."

रायचूर म्हणजे राज्याचं दुसरं टोक. लकवा झालेल्या म्हाताऱ्याला तिथं नेणं शक्य नव्हतं आणि मागं ठेवणंही. चूक माझी आणि रायचूर नंजप्पाला. मी तसं बोललोही. साहेब म्हणाले, "तुमची बदली केली असती. पण रायचूरला कन्नड चांगलं लागतं."

महिना गेला. कुसुमच्या अण्णांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, गावात जाऊन समजूत घालायची तयारी दाखवली. मी ती नाकारली. मी केलेलं मीच निस्तरणार, असं मनाशी ठरवलं. या निश्चयानंच माझी दुसरी चूक झाली.

मी विचार केला, लोकांना विषाची भीती आहे ना? मग मीच पिऊन दाखवतो. सकाळी ताजा डायल्यूटर केला. बलक, क्षार, पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन. चंबू थर्मासमध्ये ठेवला आणि होन्नेनहळ्ळी गाठली. नंजप्पाला म्हटलं, लोक जमव. या वेळी बोलायचं नव्हतं, म्हणून तो तयार झाला.

उपकेंद्राच्या ओट्यावर उभा राहिलो. थर्मास उघडला. सगळ्या गावाला ओळखीचा थर्मास. त्यातला पिवळा द्रव पेल्यात ओतला, सगळ्यांना दाखवला आणि घटाघटा प्यालो. कच्च्या अंड्यात कुणी भांडी विसळावीत तशी चव. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पेला उलटा करून दाखवला.

एवढं सगळं केलं, पण एक गोष्ट सांगायची राहून गेली. या पाण्यात वळूचं अजून काही मिसळलेलं नाही, ही गोष्ट.

मग पुढं बसलेल्या एका म्हातारीनं नंजप्पाला काहीतरी विचारलं आणि एकच हशा पिकला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. गेल्या सभेतून पंचा झटकून गेलेला म्हातारा भिंतीला टेकून डोळे पुसत होता.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"काही नाही, सर."

"नंजप्पा."

"त्या विचारतात," नंजप्पा खाली बघत म्हणाला, "साहेब आता कधी विणार?"

ती अक्कय्यम्मा. एकटी राहायची, एकच गाय. तिच्या दुधावर आणि तिच्या ताकावर अर्ध्या गल्लीची कॉफी आणि जेवणं चालत. ती गाय तीनदा उलटली होती. दोनदा गावच्या वळूनंतर आणि एकदा आमच्याच जुन्या, पेनिसिलिन नसलेल्या मालानंतर. आता आटत आली होती. चौथ्यांदा उलटली तर अक्कय्यम्मा तिला बाजारात विकायला नेणार होती.

हसणं ओसरल्यावर तिनं निकाल दिला. तो मला नंजप्पानं नंतर बसस्टॉपवर सांगितला, थोडा सौम्य करून. "मद्दु घालणारा दुसऱ्याला वाढतो. स्वतः जेवत नाही. हा येडा आहे, पण वाईट नाही."

चार दिवसांनी तिची गाय माजावर आली आणि ती गाय घेऊन उपकेंद्रावर आली. नंजप्पानं वीर्य भरलं. गावातून दुसरी एकही गाय आली नाही. पण सगळं गाव त्या एका गाईकडे बघत बसलं. ती मेली तर आम्ही मेलो. ती उलटली तर नंजप्पा रायचूरला.

एका गाईनं काही सिद्ध होत नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. होन्नेनहळ्ळीला ते कुणी शिकवलं नव्हतं.

मला गावात जायला साहेबांनी बंदी केली. मी प्रयोगशाळेत अंडी फोडत बसलो. एकविसाव्या दिवशी नंजप्पानं बसच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवली: "उलटली नाही." बेचाळिसाव्या दिवशी दुसरी: "नाही." कंडक्टरलाही तोवर विषयात रस आला होता. चिठ्ठी मला देण्याआधी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, बसमधल्या सगळ्यांना.

तिमाही संपायला दोन दिवस राहिले तेव्हा साहेब स्वतः निघाले. उपकेंद्र बंद करण्याचा हुकूम त्यांच्या कोटाच्या खिशात होता, फक्त सही बाकी. मला त्यांनी बरोबर घेतलं. बोलायचं नाही, या अटीवर.

अक्कय्यम्माच्या गोठ्यापुढं आमच्या आधी गाव पोचलं होतं. गाय गाभण आहे की नाही हे बघायचं तर मागून हात कोपराच्या वरपर्यंत आत घालून गर्भाशय चाचपावं लागतं. दीड महिन्याचा गर्भ ओळखायला हात मुरलेला लागतो. आधी मी बघितलं. मला गाभण वाटली. पण तोवर माझ्या वाटण्यावर कुणाचा विश्वास राहिला नव्हता, माझाही नाही. मी बाजूला झालो.

साहेबांनी कोट काढला आणि तो धरायला नंजप्पाकडे दिला. खिशात आपल्याच बदलीचा कागद असलेला कोट हातात धरून नंजप्पा उभा. साहेबांनी टाय शर्टात खोचला, हाताला साबण लावला, डोळे मिटले. गाईनं शेपटी उचलून आपलं मत दिलं, ते साहेबांच्या बुटांवर पडलं. साहेब हलले नाहीत. अक्कय्यम्मा गाईच्या तोंडाशी उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते.

"गब्ब," साहेब म्हणाले. गाभण.

अक्कय्यम्मानं गाईच्या कपाळाला कपाळ लावलं. नंजप्पानं कोट झटकून पुढं धरला. साहेबांनी हात धुतले, कोट चढवला, खिशातला कागद काढून त्याचे चार तुकडे केले आणि त्या तुकड्यांनी बूट पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रापुढं गाईंची रांग होती. थर्मास दुपारीच रिकामा झाला. तिमाहीचा रिपोर्ट साहेबांनी लिहिला. त्यात एक वाक्य माझ्याबद्दल होतं: "अधिकाऱ्यानं जनसंपर्काचे अभिनव मार्ग अवलंबले." तो रिपोर्ट वर गेला, वरच्यांना आवडला आणि इतर केंद्रांनीही असेच मार्ग अवलंबावेत असं परिपत्रक निघालं. कोणी अवलंबले का, ते मला कळलं नाही. पण पुढं बरीच वर्षं परिषदांमध्ये अनोळखी माणसं माझ्याशी हात मिळवायच्या आधी माझ्याकडे जरा निरखून बघत.

पेनिसिलिनचं काम चाललं. पुढच्या काळात होन्नेनहळ्ळीच्या उलटणाऱ्या गाई खरोखरच कमी झाल्या आणि ती पद्धत आम्ही सगळ्या उपकेंद्रांना लागू केली. औषध बरोबर होतं, मोजमाप बरोबर होतं, चुकलं होतं फक्त क्रियापद. ते कुठल्याच मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. तेव्हापासून मी कन्नडातलं एकही वाक्य कुसुमला दाखवल्याशिवाय बाहेर बोलत नाही. "ऊट आयता", जेवण झालं का, एवढंसुद्धा नाही.

यथावकाश गाय व्याली. कालवड झाली. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. नंजप्पाचा निरोप आला की अक्कय्यम्मानं बोलावलंय. कुसुम म्हणाली, जा, पण गप्प बसा. मी गेलो. खरवस खाल्ला. कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. एक शब्द बोललो नाही. नंजप्पाचे वडील ओट्यावर उशीला टेकून बसले होते, त्यांनीही खरवस खाल्ला. सगळं फार छान चाललं होतं.

निघताना मला राहवलं नाही. पुढच्या वेळीही हेच घ्याल ना, एवढंच विचारायचं होतं. मी तोंड उघडलं.

अक्कय्यम्मानं हात वर करून मला थांबवलं. आणि मलाही कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून, सावकाश म्हणाली:

"औषधि पाठवत जा, स्वामी. तुम्ही येऊ नका."